मदत हवी आहे: बाबांचा कफ सुटत नाही, कोणतं यंत्र घेऊ?

सत्तरीची लेक: बाबांना सीओपीडी आहे, फुफ्फुसांचा जुना आजार. चार दिवस कफ घट्ट, पिवळा. रात्रभर टेबलावर उशी घेऊन ओणवे बसतात. फिजिओने यंत्र आणायला सांगितलं, चिठ्ठीवरचं नाव लागत नाही. औषधवाल्याने तीन चेंडूंचं दिलं, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचं. दुसरा चेंडूही वर जात नाही, उलट जास्त धाप लागते. उद्या म्हापशाला जातेय, लवकर सांगा.

जुवारी: वय? ऑक्सिजन किती?

सत्तरीची लेक: ७१. ऑक्सिजन चांगला आहे, ९७.

आबोली: चेंडूंचंच ठेवा. माझ्या बायपासनंतर त्यानेच छाती मोकळी झाली. तासाला दहा वेळा, कंटाळा करायचा नाही.

मांडवीकाठ: दादा, ऑपरेशननंतर फुफ्फुस फुलवायचं असतं. सीओपीडीत हवा आतच अडकते, ती बाहेर सोडणं कठीण. ताई, चिठ्ठीवर फ्लटर किंवा अकापेला असेल. त्यात ओढायचं नाही, फुंकायचं. छातीत थरथर होते, कफ सुटतो. फ्लटरमध्ये स्टीलची गोळी असते, कोन चुकला की ती हलत नाही. अकापेला कसंही धरलं तरी चालतं. मग आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडून 'हाऽ' करायला लावा, कफ वर येतो. आईला मी असंच करवते.

आबोली: मला तर चेंडूंनीच गुण आला.

कुळागर: घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे विजेवरचं ऑक्सिजनचं मशीन असेल तर सिलिंडरही भरून ठेवा. पावसात वीज गेली की हाल होतात.

जुवारी: सीओपीडीत ९७ कसा? मशीन लावलंय का? किती लिटर?

सत्तरीची लेक: हो. डॉक्टरांनी १ सांगितलंय. काल धाप बघवेना म्हणून ३ केलं. तेव्हापासून शांत झोपलेत, जेवायलाही उठले नाहीत.

जुवारी: ताई, ही झोप चांगली नाही. जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. आत्ताच १०८ लावा. मशीन बंद करू नका, १ वर आणा. आकडा ८८ ते ९२ असला की पुरे. यंत्राचं नंतर बघू.

मांडवीकाठ: हाक मारून उठतात का बघा. निघा ताई.

सत्तरीची लेक: गोमेकॉत, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आहोत. कार्बन डायऑक्साइड वाढलाच होता. बायपॅप लावलंय, मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन. बाबा मास्क ओढतात, मी हात धरून बसलेय. मघाशी डोळे उघडून माझं नाव घेतलं.