बालसैनिक म्हणजे फक्त बंदूकधारी मुलगा नव्हे

ताई, नेरूळच्या शाळेत नववीच्या मुलांपुढे मांडायच्या मसुद्यात तुम्ही 'बालसैनिक म्हणजे हातात बंदूक असलेला मुलगा' असं लिहिलंय. ते वाक्य कृपया आधी बदला. 2007 च्या पॅरिस तत्त्वांनुसार (बालसैनिकांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) 18 वर्षांखालचं जे मूल सैन्याने किंवा सशस्त्र गटाने कुठल्याही कामाला जुंपलं, ते यात मोडतं. मग ते स्वयंपाकी असो, हमाल, निरोप्या, हेर, की लैंगिक गुलामीसाठी पळवलेली मुलगी.

हा शब्दांचा कीस नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धातल्या लढवय्यांच्या निःशस्त्रीकरणाच्या वेळी हत्यार जमा करा, ते खोलून-जोडून दाखवा, अशी अट लावली गेली. मुलींकडे बहुतेकदा स्वतःची बंदूक नव्हतीच. कित्येकींना ना मदत मिळाली, ना शाळा. काही तर पळवून नेणाऱ्याच्याच घरी राहिल्या. म्हणूनच पॅरिस तत्त्वं सांगतात, की मुलांच्या सुटकेला हत्याराची अट नको.

वयाचे दोन आकडेही वेगळे ठेवा. 15 वर्षांखालच्यांना भरती करणं हा रोम संविधीनुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या करारानुसार, युद्धगुन्हा आहे. काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला 2012 मध्ये त्यासाठीच 14 वर्षांची शिक्षा झाली. सशस्त्र गटांसाठीची 18 ची मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला 2000 मध्ये जोडलेल्या पूरक करारातली.

आपल्याकडचं विचारलंत, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 पाहा: अतिरेकी गटाने मूल वापरलं तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड. सुटलेलं मूल आरोपी म्हणून कोठडीत नव्हे, बालकल्याण समितीपुढे जायला हवं.