चार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा थीम पार्कला न्यायचंय: वंडरला की इमॅजिका?

शहापूरकर_आई (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. मुलगी चार वर्षांची, बालवाडीत जाते, उंची ९८ सेंटिमीटर. सोबत आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. एप्रिलच्या सुट्टीत तीन-चार दिवस निघतील. बंगळूरजवळचं वंडरला करावं की खोपोलीचं इमॅजिका, हे ठरत नाही. घरची कार आहे, पण मुलीला गाडी लागते. तिला कशात बसू देतील, एक दिवस पुरतो का, दुपारच्या झोपेचं आणि जेवणाचं काय करायचं? माहीतगारांनी नीट सांगावं.

बालवाडी_ताई (टिळकवाडी)

पार्क कुठलंही घ्या, आधी उंचीचा हिशेब करा. दोन्हीकडे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या खालचं मूल फुकट, त्यावर मुलांचं तिकीट. तिथे तुमची मुलगी तिकिटात येणार, हे धरून चला. चपला काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून परत एकदा मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलांची सरासरी उंची १०३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे या वयाची बहुतेक मुलं मोठ्या राइडच्या दारातल्या उंचीच्या पट्टीखालीच राहतात.

उंचीची ही अट सक्तीची का, तेही समजून घ्या. सीटवरचा आडवा बार मोठ्या माणसाच्या मांडीवर घट्ट बसतो. लहान मुलाच्या मांडीवर तो टेकतच नाही, मूल खालून सरकतं. म्हणून ऑपरेटरशी हुज्जत घालायची नाही, जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवायची नाही. रांगेत अर्धा तास उभं राहून पट्टीपाशी परत फिरावं लागलं की मुलीचा सगळा दिवस रडण्यात जातो. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते. आदल्या रात्री यादी करा आणि तिला फक्त त्यातल्याच राइड सांगा.

इमॅजिकात या वयाला जमण्याजोगं टबी टेक्स ऑफ, हॅपी व्हील्स, मॅजिक कॅरोसेल असं आहे. सालीमगढ उंचीत बसलं तरी टाळा, ती भुताची राइड आहे. वंडरलात रेन डिस्कोमध्ये अंधार, मोठा आवाज आणि अंगावर पाणी एकदम येतं, तिथेही आधी एकट्या मोठ्या माणसाने डोकावून यावं. या वयात उंचीपेक्षा अंधार आणि आवाज जास्त घाबरवतात. तुमची मुलगी कशी आहे हे आधीच कळायला हवं असेल तर जवळपासच्या यात्रेत पाळण्यात आणि घोड्यांच्या चक्रात बसवून बघा. चालण्याची ताकद बघायची तर भुतरामनहट्टीचं प्राणीसंग्रहालय एक सकाळ पायी फिरा. किती वेळाने "कडेवर घे" म्हणते, त्यावरून घडीची बाबागाडी न्यायची की नाही ते ठरेल.

आणि दिवस तिच्या झोपेभोवती आखा. घरी दीड ते तीन झोपत असेल तर तिथेही तेवढा वेळ राइड नाही, रांग नाही. एसी रेस्टॉरंट किंवा सावलीची जागा गाठून अंगावर ओढणी घाला. नाही झोपली तरी चालेल, पडून राहू दे. चार वाजता चिडचिड सुरू झाली की तिला भूक लागलीय की झोप आलीय हे तिलाही सांगता येत नाही.

हायवे_४८ (निपाणी)

रस्त्याचं सांगतो. बेळगाव ते खोपोली सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, पुण्याच्या बाहेरून जाऊन शेवटी लोणावळ्यानंतर घाट उतरायचा. कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळे मध्येच सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं, त्यामुळे गुगल दाखवील त्यावर दीड तास वाढवून धरा. गाडी लागणाऱ्या मुलाला एका दमात नेऊ नका. पुण्यात किंवा साताऱ्यात मुक्काम टाका.

गाडी लागते ती डोळ्यांना आतली स्थिर सीट दिसते आणि कानाला हालचाल कळते म्हणून. मोबाइलवर कार्टून लावलं की हे दुप्पट होतं. मोबाइल बंद, सीट उंच करून पुढचा रस्ता दिसेल असं बसवा, काच थोडी खाली ठेवा. अगदी उपाशीही नको आणि दूध पाजूनही नको. कोरडी पोळी, मुरमुरे, बिस्किट असं थोडं द्या. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, मात्रा वजनावर असते आणि काही औषधांनी दिवसभर गुंगी राहते. ती गुंगी पार्कच्या दिवशी आली तर तिकीट वाया.

एप्रिलचा एक फायदा मात्र आहे. आपल्याकडे कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलनंतर सुट्टी लागते, तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा अजून चालू असतात. त्या दिवसांत सोमवार ते गुरुवार इमॅजिकात गर्दी कमी मिळते. पण रायगडातला तो दमट उकाडा आपल्या बेळगावच्या हवेत वाढलेल्या लेकराला झेपत नाही, हेही लक्षात घ्या.

रेल्वे_खानापूर

ताई, लागणारी गाडी आणि आजींचे गुडघे, दोन्ही बघता मी रेल्वेने बंगळूरच म्हणेन. बेळगावहून राणी चन्नम्मा किंवा बेळगाव-बंगळूर सुपरफास्ट, रात्री बसायचं, सकाळी बंगळूरच्या मुख्य, केएसआर स्टेशनवर. मुलगी झोपेत जाते, घाटाचा त्रास नाही. पाच वर्षांखाली बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. बर्थ हवा तर मात्र पूर्ण भाडं. आजींना खालचा बर्थ आणि मुलीला आईजवळ खालीच झोपवा, त्यामुळे दोन लोअर लागतील. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीत पहिल्याच दिवशी करा.

आता खरी चूक होते ती पुढे. सकाळी सातला उतरून लोक थेट पार्कला जातात. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बाराला मिळते, पार्कही सकाळी उशिरा उघडतं, म्हणून मधले चार तास बॅगा घेऊन कुठेतरी बसायचं आणि मग उन्हात शिरायचं. मूल दुपारपर्यंत संपलेलं असतं. पहिला दिवस प्रवासाचा आणि आरामाचा ठेवा. वंडरला बिडदीत आहे, शहरापासून तीसेक किलोमीटर, म्हैसूर रस्त्यावर. मुक्काम शहरात न करता बिडदीत करा. पार्कला लागून त्यांचं स्वतःचं रिसॉर्ट आहे, खर्च जास्त पण दुपारी मुलीला खोलीवर आणून झोपवता येतं आणि आजी हव्या तेव्हा परत येऊ शकतात. बाहेर जाऊन परत आत येता येतं का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. केएसआरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या, बिडदीला थांबणाऱ्या गाड्या आहेत. नाहीतर स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिकहून पर्पल लाइनने चल्लघट्टापर्यंत मेट्रो आणि पुढे टॅक्सी.

नाश्ता बिडदीतच करा. तिथली तट्टे इडली नावाजलेली आहे, मऊ असते, मुलं खातात आणि राइडआधी पोटाला हलकी.

दुसरा दिवस पार्क, तिसरा दिवस मोकळा, रात्रीची गाडी. दोन दिवसांचं तिकीट या वयाला नको. मुलीच्या राइड एका दिवसात होतात.

शहापूरकर_आई

रेल्वे पटली. यजमानांना मोठ्या राइड करायच्या आहेत, ते कसं जमवायचं? पाण्यात उतरवावं का? आणि एप्रिलच हवा असं नाही, बालवाडीच आहे.

बालवाडी_ताई (टिळकवाडी)

एप्रिलचा आग्रह नसेल तर जूनचा दुसरा पंधरवडा घ्या. कर्नाटकातल्या शाळा उघडलेल्या असतात, बंगळुरात हवा बरी असते. हलका पाऊस येईल, रेनकोट ठेवा. त्याच दिवसांत खोपोलीकडे धो धो असतं, तो विचार सोडाच.

यजमानांच्या राइड मुलीच्या झोपेच्या वेळात. तेव्हा ती आणि आजी सावलीत, तुम्ही दोघं आळीपाळीने. मुलीला रांगेत नेऊन "तू इथे थांब" करायचं नाही.

पाणी जरूर, पण सुती कपड्यात सोडत नाहीत. सुती कापड भिजून जड होतं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. सगळ्यांना नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात, इथूनच घेऊन जा. लहान मुलांच्या उथळ भागातच ठेवा. वेव्ह पूलमध्ये लाट आली की चार वर्षांचं मूल पाय सुटून उताणं होतं. पाण्यात असेपर्यंत तुमचा हात तिला लागेल इतक्याच अंतरावर राहायचं. हवेच्या फुग्यांवर, दंडातल्या रिंगांवर भरवसा नको. अर्धा तास झाला की बाहेर काढून कोरडे कपडे घाला. ओठ निळसर दिसले तर त्याआधीच.

बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, लहान मुलाच्या खाण्यासाठी सूट मिळते का ते फोन करून विचारा. ओआरएस ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर मीठ जास्त होऊन मुलाला उलट त्रास होतो. लहान, २०० मिलीची पाकिटंही मिळतात, तीच घ्या.

रेल्वे_खानापूर

एक राहिलं. आपली मुलं मराठी बोलतात, तिथले गार्ड कन्नड किंवा हिंदी. हरवली तर "आई कुठाय" एवढंच सांगेल. दंडावर आतल्या बाजूला बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा, मनगटावर पाण्याने जातात. सकाळी तिथे शिरण्याआधी त्या दिवशीच्या कपड्यातला फोटो काढा. "नन्न अम्मा एल्ली?" (माझी आई कुठे आहे?) हे कन्नड वाक्य आठवडाभर पाठ करून घ्या. आणि आपण दिसलो नाही तर धावायचं नाही, गणवेशातल्या माणसाजवळ उभं राहायचं, हे शिकवा. आत गेल्यावर गार्डचा गणवेश तिला बोट दाखवून ओळखायला लावा. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे दोन्ही नंबर आजींच्या फोनमध्येही घालून ठेवा.