तीन जॉच्या चकची चावी एकाच जागी अडते. नुसता धुवायचा की पूर्ण खोलायचा?

शिकाऊ_हिंगणा

मंडळी, नमस्कार. साडेचार फुटी जुना लेथ घेतला आहे, हिंगण्याच्या शेडमध्ये बसवला आहे. त्यावर १६० मिमीचा तीन जॉचा सेल्फ सेंटरिंग चक आहे, म्हणजे काम धरणारे तिन्ही जबडे (जॉ) एकाच चावीने सोबत सरकतात. स्पिंडलचा नोज, म्हणजे चक चढतो ते टोक, आट्याचा. चावी थोडी सहज फिरते, मग कचकन अडते. जोर दिला की सुटते, पुढे पुन्हा तेच. जॉच्या खाचांत काळा चिकट राडा भरला आहे, मशीनवर आधी बीडकाम (ओतीव लोखंडाचं काम) होत असावं. २५ मिमीचा सरळ बार धरला तर हलताना नुसत्या डोळ्याला दिसतो.

नुसते जॉ काढून धुतले तर भागेल की चक पूर्ण खोलावा लागेल? कशाने धुवायचा? आत ग्रीस भरायचं की ऑइल? आणि जॉ एकदा बाहेर आले की परत तसेच बसतात का, याची धास्ती सगळ्यात जास्त आहे.

जुना_टर्नर

भाऊ, खोलायची घाई काहून करता? आधी जॉ काढा, निम्मा उलगडा तिथेच होतो.

मेन स्विच बंद करा. बेडवर चकखाली जाड फळी टाका. संत्र्याच्या पेटीची फळी नको, ती जॉ पडला की फुटते. १८ मिमीचा प्लाय घ्या. चावी उलटी फिरवत जॉ बाहेर आणा आणि शेवटच्या फेऱ्याला प्रत्येक जॉखाली हात धरा. तिन्ही जॉ एकदम सुटत नाहीत, थोड्या थोड्या अंतराने सुटतात. एक हातात आला म्हणून बाकीचे पक्के आहेत असं समजू नका.

जॉच्या बाजूवर १, २, ३ कोरलेलं असतं, चकच्या खाचेजवळही तेच आकडे असतात. बऱ्याच चकवर सिरीयल नंबर बॉडीवर आणि जॉवर सारखाच असतो, तोही जुळतो का बघा. जुन्या मशीनवर दुसऱ्याच चकचे जॉ घुसवलेले सापडतात. तसं असेल तर कितीही धुतलं तरी बार सरळ फिरणार नाही.

धुवायला डिझेल. पेट्रोल नको. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ डिग्रीला पेट्रोलचा वाफारा आणि बाजूला ग्राइंडर, हा धोका कशाला घ्यायचा? जॉच्या मागचे दात पितळी तारेच्या ब्रशने घासा, दातांच्या बुडाशी बसलेला थर बांबूच्या टोकदार काडीने खरवडा. पितळी ब्रश इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पोलादी तारेचा नको, त्याच्या तुटलेल्या तारा आत राहतात.

जॉ नसताना खाचेतून आत स्क्रोल दिसतो, म्हणजे जिच्या तोंडावर जिलेबीसारखा आटा आहे ती चकती. टॉर्च मारा, ब्रश डिझेलमध्ये बुडवून खाचेत धरा आणि चावी हळूहळू फिरवत जा. पूर्ण आटा ब्रशखालून जातो. खाली परात ठेवा. पहिलं डिझेल काळंकुट्ट निघेल, तिसऱ्या वेळी रंग दिसायला लागला की बस.

एअर गन मात्र लावू नका. समोरून हवा मारली की बुरादा बाहेर येत नाही, स्क्रोलच्या मागे जातो, आणि एकदा तिथे गेला की चक खोलल्याशिवाय निघत नाही. डोळ्यात जातो ते वेगळंच.

आता चावी अडण्याचं. जॉ बाहेर असतानाच चावी फिरवून बघा. अडत नसेल तर दोष जॉच्या दातात किंवा खाचेत, धुऊन भागेल. तरीही अडत असेल तर मोजा. चावीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडते का? मग पिनियनचा, म्हणजे चावी ज्यात बसते त्या छोट्या दातेरी चाकाचा, दात बिघडला आहे. का चावीचे चार-पाच फेरे होईपर्यंत, सारख्या अंतराने, तीनदाच अडते? स्क्रोलच्या आट्याचं टोक खाचेत परत दिसलं की स्क्रोलचा एक फेरा झाला. तेवढ्यात तीनदाच अडत असेल तर स्क्रोलच्या मागच्या दातांत काहीतरी रुतलं आहे, ते तिन्ही पिनियनना एकेकदा लागतं. दोन्हीत चक खोलावाच लागतो.

टूलरूम_बुटीबोरी

वरची तपासणी बरोबर. एकच भर: तिन्ही पिनियन एकाच स्क्रोलला लागलेले असतात, म्हणून चावी कुठल्याही भोकात घातली तरी तिन्ही सोबतच फिरतात. ‘प्रत्येक फेऱ्याला अडते’ यावरून पिनियनचा दोष कळतो, पण तिघांतला कोणता ते खोलल्यावरच कळेल.

खोलायचा असेल तर आधी चक नोजवरून उतरवा. त्यासाठी जॉ लागतात, म्हणून धुतलेले जॉ परत बसवा आणि एक जॉ बॉडीच्या थोडा बाहेर येईल इतपत उघडा. बेडच्या मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्या समोरून पलीकडे, सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा उभा करा. बेल्ट हाताने उलटा ओढा म्हणजे मागचा जॉ खाली येऊन ठोकळ्यावर बसेल. एक झटका दिला की आटा सुटतो. मोटर अजिबात नाही. बॅक गिअर (वेग कमी करायचे गिअर) टाकून स्पिंडल जाम करायचा आणि जॉला पाइप लावून ओढायचं, हे पुष्कळ ठिकाणी चालतं. त्यात गिअरचा दात गेला की चक बाजूला राहतो आणि हेडस्टॉक खोलायची वेळ येते.

आटा सुटला की फळीवर चकचा टेकू नीट बसवा, मग फिरवत काढा. १६० मिमीचा चक बॅक प्लेटसकट (चकला मागून बोल्टने लावलेली, नोजवर चढणारी प्लेट) दहा किलोच्या आसपास जातो. बोट मध्ये आलं तर वजन बघत बसायला वेळ नसतो.

जॉ पुन्हा काढा आणि चक टेबलावर तोंड खाली करून ठेवा. बॅक प्लेट आणि बॉडीच्या जोडावर सेंटर पंचने एक ठिपका इकडे, एक तिकडे. मागचे ॲलन बोल्ट काढा, बॅक प्लेट फायबर हातोडीने आळीपाळीने ठोकत सोडवा, जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याच्या खाली झाकणाची प्लेट असेल तर तीही खुणा करून काढा. पिनियन अडकवणाऱ्या पिना किंवा ग्रब स्क्रू असतात. ते काढले की पिनियन बाहेरून ओढून निघतात. कोणता पिनियन कोणत्या भोकातला ते मार्करने लिहून ठेवा. शेवटी स्क्रोल. तो अडकला असेल तर जॉच्या खाचेतून ॲल्युमिनियमची कांडी घालून तिन्ही बाजूंनी थोडं थोडं ठोका. एकाच बाजूने ठोकलं की तिरका होऊन फसतो.

बघायचं काय? पिनियनच्या दातावर बर (उचललेली धारदार कड) आला आहे का, चावीच्या चौकोनाच्या कडा गोल झाल्या आहेत का, स्क्रोलच्या आट्याच्या टोकाला तुकडा उडाला आहे का. बारीक बर ऑइल स्टोनने उतरवा, कानशीने नाही. जॉच्या खाचेची कड उचलली असेल तर तीही स्टोननेच, तेवढीच कड. खाचेच्या आतल्या बाजूला हात लावू नका, जॉचा सगळा सरळपणा त्याच दोन भिंतींवर आहे.

बसवताना सगळं उलट क्रमाने. बोल्ट समोरासमोर आवळा. एम८, ८.८ ग्रेडचा असेल तर कोरड्या आट्यावर २५ न्यूटन मीटर पुरे.

मायक्रॉन

ग्रीसबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून सांगतो. आत ग्रीस *भरायचं* नाही.

बीडाचा बुरादा आणि ग्रीस एकत्र आलं की काय तयार होतं ते इंजिनवाल्यांना विचारा. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट ते विकत आणतात, आपण ती चकमध्ये फुकट बनवतो. जॉच्या खाचांतला तो काळा राडा म्हणजे तेच. स्क्रोलच्या मागच्या बाजूला, त्याच्या बसकीवर आणि पिनियनच्या मानेवर मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या ग्रीसचा हात फिरवा. बोटावर दिसेल न दिसेल इतकंच. समोरचा आटा, जॉचे दात आणि खाचा यांना ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल कापडाने पुसल्यासारखं लावा. जास्त झालं तर मशीन सुरू केल्या केल्या तुमच्या शर्टावर रेघ उमटेल.

नेहमी बीडच करत असाल तर समोरचा भाग जवळजवळ कोरडा ठेवा आणि आठवड्याला जॉ काढून पुसा. पोलादाचं काम, कूलंट चालू, तर दर पंधरा दिवसांनी. हे माझं मत आहे, ज्यांचा चक दिवसाला दोनशे वेळा उघडबंद होतो ते याहून लवकर करतील.

शेडमध्ये उन्हाळ्यात कूलर लागत असेल तर त्याचा झोत लेथवर येऊ देऊ नका. रात्री मशीन बंद, कूलर बंद, पण दिवसभराची ओल चकच्या तोंडावर बसलेली असते. सकाळी जॉच्या टोकांवर तांबूस धूळ दिसते. आपण पावसाळ्याला दोष देतो, पण नागपुरात गंजाची सुरुवात एप्रिलमध्येच कूलरने होते.

आणि नोज. चक परत चढवताना बॅक प्लेटच्या आट्यातून तारेचा आकडा फिरवून कीस काढा, नोजचा आटा आणि त्याच्या मागची बसक पुसा. कापडाने पुसून झाल्यावर उघड्या बोटाने फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारी चिप बोटाला लागते. १६० मिमीच्या जोडात एका कडेला ०.०५ मिमीची चिप राहिली तर जॉपासून १०० मिमीवर बार सुमारे ०.०३ ने सरकतो, डायल गेजवर (डगमग मोजायचा काटा) पूर्ण फेऱ्यात ते ०.०६ दिसतं. मग माणूस जॉ घासायला निघतो.

शिकाऊ_हिंगणा

खूप आभार सगळ्यांचे. जॉ नसतानाही चावीच्या प्रत्येक फेऱ्याला अडत होतं, म्हणून खोलला. एका पिनियनच्या दातावर बर होता, तो स्टोनने उतरवला, आता चावी एकसारखी फिरते. दोन अडचणी उरल्या. एका जॉवरचा आकडा पुसला गेला आहे, बाकी दोघांचे १ आणि ३ दिसतात, हे सोपं. पण बाहेरून धरायच्या दुसऱ्या सेटवर एकही आकडा नाही. दुसरं म्हणजे, डायल लावला, २५ मिमीचा ग्राउंड बार (ग्राइंड केलेला, अचूक गोल) धरला तर जॉजवळ ०.१४ मिमी आणि १०० मिमीवर ०.१५ मिमी डगमग.

जुना_टर्नर

बिनआकड्याचे जॉ टेबलावर शेजारी शेजारी उभे करा. तिघांची धरायची बाजू एका पट्टीला टेकवा. आता मागचा पहिला दात धरायच्या बाजूपासून किती लांब आहे ते बघा. तिघांत पायरी दिसेल, प्रत्येकी आट्याच्या पिचच्या एक तृतीयांशाची. दात सगळ्यात जवळ तो १ नंबर, मग २, मग ३. एक तृतीयांश काहून? स्क्रोलचं टोक १ नंबरच्या खाचेतून ३ पर्यंत पोहोचतं तोवर पहिला जॉ दोन तृतीयांश पिच आत सरकलेला असतो.

घालताना स्क्रोलचं टोक १ च्या खाचेत दिसेपर्यंत फिरवा, थोडं मागे घ्या, १ नंबर दाबून धरा, चावी पुढे. जॉ ओढला गेला पाहिजे. मग २, मग ३. एकाने जरी आटा चुकवला तर तीन जॉ मध्ये एकत्र मिळणार नाहीत, उघडच दिसेल. उघडून पुन्हा घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मायक्रॉन

०.१४ आणि ०.१५, म्हणजे बार तिरका नाही, नुसता बाजूला सरकलेला आहे. म्हणून जोडात चिप नाही, ती असती तर १०० मिमीवर आकडा स्पष्ट वाढला असता. जॉचा क्रमही चुकलेला नाही, क्रम चुकला की मिलिमीटरमध्ये दिसतं.

आता तिन्ही भोकांतून एकेकदा आवळून तीन वेळा मोजा. एखाद्या भोकाजवळ शून्य किंवा बाणाची खूण असेल तर त्याच भोकातून शेवटचं आवळायचं असतं. खूण नसेल तर ज्या भोकातून आकडा सगळ्यात कमी येईल तिथे तुम्हीच पंचचा ठिपका द्या आणि यापुढे शेवटचं आवळणं नेहमी तिथूनच करा. नुसत्या एवढ्याने ०.१४ चं ०.०८ झालं तर नवल वाटू देऊ नका.

तरीही उतरलं नाही तर बॅक प्लेटचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, डायलवर उंच बाजू वर आणा, बॉडीवर फायबर हातोडीने हलका ठोका, बोल्ट आवळा, पुन्हा मोजा. बॅक प्लेटची गोल पायरी बॉडीत घट्ट बसत असेल तर हे जमणार नाही, मग जबरदस्ती करू नका.

बार धरल्यावर जॉच्या पुढच्या टोकाशी ०.०५ ची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. पट्टी आत जाते, पण मागे बार घट्ट आहे, तर जॉ तोंडाशी फाकलेले आहेत. ते ग्राइंड करून घ्यावे लागतात, पण तेही मागच्या बाजूला रिंग धरून ताण देऊन. मोकळ्या जॉवर ग्राइंडर चालवला की जॉ धरल्यावर जसे बसतात तसे घासले जात नाहीत, काम फुकट जातं. तोवर चांगलं कॉन्सेंट्रिक (सगळे व्यास एकाच केंद्रावर) काम असेल तर एकाच धरण्यात सगळे व्यास उतरवा, नाहीतर चार जॉचा चक लावा.

आणि चावी भोकात ठेवून हात काढायचा नाही. डायल वाचताना तर नाहीच.