शिशाच्या पत्र्यावरची फिर्याद

गूढविद्येच्या एका तपासनीसावरच्या कादंबरीतला प्राचीन विधी, म्हणजे मशाली, वर्तुळात उभे असलेले झगेवाले आणि शेवटी बळी, अगदी अस्सल उतरलाय असं एका वाचकाचं म्हणणं आहे. तो तपासनीस मलाही फार आवडला, पण इथे पटत नाही. रोमनकाळातल्या ब्रिटनमधली साधी माणसं देवाकडे काय मागायची, ते आज त्यांच्याच शब्दांत वाचता येतं आणि कादंबरीत त्याचा मागमूसही नाही.

इंग्लंडमधल्या बाथ इथल्या सुलिस मिनर्व्हा देवीच्या गरम पाण्याच्या कुंडातून शिशाचे सुमारे १३० शापलेख निघाले, बहुतेक १९७९-८० च्या उत्खननात. तिथल्या संग्रहालयात मी ते काचेला नाक लावून पाहिलेत. तळहातात मावतील एवढे काळपट पत्रे, वर टोकदार काहीतरी घेऊन खरवडलेली बारीक लॅटिन अक्षरं. कित्येक गुंडाळी करून पाण्यात टाकलेले. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा चोरीला गेला होता. तो देवीला सांगतो: चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस. कोकणात देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. काही पत्र्यांवर तर नुसती नावांची यादी आहे, बहुधा संशयितांची. तसली एखादी यादी हाती घेऊन कामाला लागणारा तपासनीस मला वाचायचाय.