एकाच घरच्यांनी उपासना चालवावी का?

पेटीवाल्याची लेक: सगळ्यांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, दारव्हा तालुक्यातली, पंधरा-सोळा घरांची. बाबा पेटी वाजवतात, आई गाणं उचलते, धाकटा भाऊ ढोलकीवर, शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, माझ्याकडे. आजीला आता दिसत नाही, पण मध्यस्थीची प्रार्थना तिचीच. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाचा बैल बसून आहे, तिला सगळं पाठ असतं. शनिवारी जेवणं झाली की तालीम. बाबांचा गळा काळी एक पट्टीचा, आईला काळी चार लागते. बाबा आईचाच सूर धरतात आणि स्वतः गात नाहीत, नुसते भाता हलवत तिच्या तोंडाकडे पाहत असतात.

मागच्या रविवारी एक काका बाबांना सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मंडळी आहे की तुमचं घर?" बाबा गप्प राहिले. मला मात्र झोप आली नाही. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात दावीद राजाच्या काळच्या हेमान या गायकाला १४ मुलगे आणि ३ मुली, आणि ते सारे बापाच्या हाताखाली झांजा-वीणा घेऊन देवाच्या घरात गात. मग आमचं काय चुकलं?

मागच्या बाकावरून: ताई, रागावू नका, पण तोच अध्याय पुढे वाचा. सेवेची पाळी ठरवायला लहान-मोठा, गुरू-शिष्य, सगळ्यांच्या सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. एकूण २८८ जण, १२-१२ चे २४ गट. त्यात आसाफ आणि यदूथून या दुसऱ्या दोन गायकांचीही मुलं होती. हेमानाचं घर एकटं नव्हतं.

आमच्या गावी तबला वर्षानुवर्षं एकाच घराकडे होता. माझा मुलगा घरी तेलाच्या डब्यावर ठेका धरायचा. एकदा उपासनेआधी त्याने तबल्यावर बोट ठेवलं, तर "शाई जाईल" म्हणून त्याचा हात बाजूला केला. त्यानंतर तो पुढच्या रांगेत कधी बसला नाही. आता तर रविवारी वावरातच जातो.

वाशीमकर: भाऊ, पोराचं वाईट वाटलं. पन सरसकट नाही पटत मले. दिवाळीनंतर कापूस फुटला की आमच्या इथं अर्धी मंडळी वेचनीले असते. त्या दिवसात जे घर येते तेच गाते, तेच सतरंजी टाकते, तेच झाडते. त्याले मक्ता म्हनाचं का? अन् तो तबला कोनाचा होता, त्यायच्या घरचा का मंडळीचा?

मागच्या बाकावरून: मंडळीचा. अर्पणातून घेतलेला. म्हणून तर लागलं.

अमरावतीहून: गुण म्हटलं की सगळे पेटी-तबल्यावरच का येतात? कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. घरात एकाचं दुसऱ्याला लागतं ते असं. शनिवारची ही तालीम मोडली तर मंडळीत गाणार कोण? गाणं शिकवायला आपल्या खेड्यात दुसरी शाळा नाही.

मागच्या बाकावरून: मान्य. पण लक्ष्मीबाई लिहायला बसल्या म्हणून दुसऱ्या कोणाची लेखणी अडली नाही. ढोलकी एकच असते. तालीम मोडा असं मी म्हणतच नाही. दार उघडं ठेवा एवढंच म्हणतो.

पेटीवाल्याची लेक: तुमच्या मुलाचं वाचून मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊ आधी चिडला, "मग मी काय करू?" आई म्हणाली, "ज्याला शिकायचंय त्याच्या बाजूला बस, हातावर ठेका दे." आमची ढोलकीही मंडळीचीच आहे, हे बाबांनीच आठवून दिलं. दोन पोरांना शनिवारी घरी बोलावलंय. एकाचा हात अजून जड पडतो, ढोलकी कसायलाही येत नाही, पण कान चांगला आहे.

एक मात्र मी सोडणार नाही. आईला साथ बाबांचीच. इतकी वर्षं तिचा श्वास ओळखून वाजवलेली पेटी दुसऱ्याला एका महिन्यात जमायची नाही, आणि त्यात कोणाची जागा अडते असं मला वाटत नाही.

मागच्या बाकावरून: पेटीबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती, ताई. ते काका शनिवारी येतील का?

पेटीवाल्याची लेक: बाबा स्वतः त्यांच्या घरी जाऊन आलेत. ते "बघतो" म्हणाले.