मध-मोसंबीची एल 'भेसळ' कशी काय? वाळूजकरांना उत्तर

मृगबहार (संभाजीनगर):
काल वाळूजकर यांनी इथे लिहिलं, की मध, मोसंबीची साल आणि धने घातलेली एल (जरा उबदार तापमानाला आंबवतात ती) ही बिअरच नव्हे. बिअर म्हणजे बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, वर काही घातलं की भेसळ, आणि जर्मनांनी हे 1516 सालीच ठरवून टाकलंय. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

1516 चा कायदा बव्हेरियाचा. जगाचा नाही. त्यात यीस्टचं नावही नाही, कारण आंबवणारा जीव कोणता हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल घालायची जुनी रीत आहे. होगार्डन गावातला असा शेवटचा कारखाना 1950 च्या दशकात बंद पडला. पिएर सेलिस हा दूध विकणारा माणूस, त्यानं 1966 मध्ये ती बिअर पुन्हा उभी केली. आणि मध? तुर्कस्तानात गॉर्डियनला इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं राजघराण्याचं थडगं सापडलं, तिथल्या भांड्यांच्या तळाशी द्राक्षाची दारू, बार्लीची बिअर आणि मध यांच्या मिश्रणाचे अंश निघाले. भेसळ म्हणायची तर ती 2,700 वर्षांची आहे.

आता चवीचं. मी ही एल पुण्यात एका ठिकाणी प्यायलो. रंग गव्हाच्या काडाचा, जरा गढूळ. नाकाशी नेली की आधी सालीतलं तेल येतं, मोसंबी सोलताना बोटांना लागतं तेच. रसाचा वास नाही. मागून धने. तोंडात भाजलेल्या पावासारखं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि शेवट चक्क कोरडा, गोड अजिबात नाही. पहिल्या घोटाला मध कुठंच दिसत नाही, लोक तिथंच निराश होतात. मधातली जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे राहतो तो वास. तोही ग्लास जरा कोमट व्हायला लागला की उघडतो. पण आपल्याकडे बर्फात गोठवलेल्या मगातच द्यायची सवय. जीभ बधिर झाल्यावर कसला मध आणि कसले धने! एल 8-10 अंशाला द्यायची चीज आहे, दोन अंशाला नाही. हे कुणीतरी हॉटेलवाल्यांच्या कानात ओरडून सांगा.

वाळूजकर:
इतिहास वाचला. थडग्यात काय सापडलं त्यावर माझा ग्लास ठरत नाही. मी वाळूजच्या बिअर प्लांटवर काम केलंय, म्हणून सांगतो. साध्या लागरमध्ये (थंडीत आंबवलेल्या नेहमीच्या बिअरमध्ये) लपायला जागा नसते. फर्मेंटेशनचं तापमान हुकलं, टाकी नीट धुतली गेली नाही, तर पहिल्या घोटात कळतं. मसाला घातला की सगळं झाकलं जातं. जावयाच्या आग्रहानं मीही एकदा अशीच एल घेतली होती. मोसंबीची पांढरी साल तशीच उकळलेली, काढ्यासारखी कडू. विचारलं तर वेटर म्हणतो, क्राफ्ट बिअर (छोट्या प्रमाणावर बनवलेली) अशीच असते. बिल मात्र लागरच्या तिप्पट.

आणि मध म्हणताय तो मध आहे का? 2020 मध्ये सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या दिल्लीच्या संस्थेनं मधाचे 13 ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त 3. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ. पाक ओतायचा आणि पाटीवर 'हनी' लिहायचं, याला मी भेसळ म्हणतो.

नांदेडची सुगरण:
वाळूजकर दादा, फोडणी करपवली म्हणून मोहरीला नावं ठेवत नाहीत. पांढरी साल उकळली ही करणाऱ्याची चूक. वरचा पिवळा पापुद्रा तेवढा खिसून घ्यायचा आणि उकळी संपायला आली की टाकायचा.

धन्याबद्दल थोडं. आपला धना लांबट असतो, त्याला लिंबासारखा गोडसर वास. मोरोक्कोचा गोल असतो, तो जरा मातकट. लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य धन्यात भरपूर आणि तेच हॉप्समध्येही आहे, म्हणून दोघांचं जमतं. पण आयत्या वेळी जाडसर कुटलेला हवा. पाकिटातली धनेपूड टाकली तर ग्लासाला आमटीचा वास येणारच, मग लोक वैतागतात.

बदनापूरचा:
मोसंबीवर सगळेच बोलायलेत, म्हणून बागवाला म्हणून लिहितो. मोसंबीचा रस एलमध्ये घालणाऱ्यांनी आधी रस काढून तासभर ठेवून बघावा. कडू होतो. लिमोनिन हे कडू द्रव्य लगेच जाणवत नाही, रस ठेवला की तयार होतं. म्हणून साल बरोबर, रस चूक.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात गेलं की टनामागे कपात, वर लहान फळ बाजूला काढून मातीमोल भाव. 2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडे बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली. मी टँकरनं जगवली. त्यामुळे पुण्यात कुणी आमच्या सालीचं कौतुक करत असेल तर बरं वाटतं. पण मृगबहार, एका टाकीला साल लागणार किती? दोन-चार किलो. त्यानं शेतकऱ्याचं काही होत नाही. तसं कुणी म्हणूही नये.

मृगबहार:
तसं मी म्हटलेलंच नाही, भाऊ.

मांजराकाठ (लातूर):
सगळे चवीवर बोलायलात, पाण्यावर कुणीच बोलंना. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही लातुरात घागरी घेऊन रांगेत होतो. माझी आई आजारी, घरात अंघोळीला पाणी नाही. तेव्हा तुमच्या वाळूजच्या एमआयडीसीत बिअरच्या टाक्या भरत होत्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मध्ये पडावं लागलं, मद्याच्या कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापायला लागलं. मध घाला नाहीतर काजू घाला, मराठवाड्यात बिअर हा विषयच मला पटत नाही.

वाळूजकर:
मांजराकाठ, आईचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण हिशोब नीट मांडू. मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरला साधारण 4-5 लिटर पाणी लागतं. तुमच्याच भागात ऊस केवढा आहे? पाटानं भिजवला तर हेक्टरी 2 कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. त्यावर लिहा ना एकदा.

मांजराकाठ:
आला ऊस! दर वेळी ऊस पुढं करून सुटायचं. उसाला भाव ठरलेला आहे, सोयाबीनला हमीभाव कागदावर. शेतकरी दुसरं काय लावणार? तुम्ही शहरात बसून आम्हाला शहाणपणा शिकवायलात.

गोदाकाठ (पैठण):
मी जायकवाडीच्या अगदी कडेला राहतो. वाळूजला पाणी आमच्याच नाथसागरातून जातं, आणि संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांत नळ आठवड्यातून एकदा येतो. पण दोघांनी एकमेकांच्या गळ्याला हात घालण्यात काय अर्थ? वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगरशी दर वेळी कोर्टात भांडावं लागतं. भांडण तिकडे आहे.

वाळूजकर:
गोदाकाठ, मध्यस्थी नको. मी शहरात बसून बोलत नाही. माझ्या लाईनवर निम्मी पोरं बीड-परभणीची होती, शेत पिकलं नाही म्हणून आलेली. तो कारखाना बंद केला असता तर ती ऊस तोडायलाच गेली असती.

मांजराकाठ:
पोरांचं खरं आहे, माझा चुलतभाऊ पण वाळूजलाच आहे. पण पाणी पहिलं माणसाला. यात तडजोड नाही.

मृगबहार:
त्याला विरोध कोण करतंय? टंचाईत कपात झालीच पाहिजे, सगळ्यांची, आणि दारूच्या कारखान्यांची सगळ्यात आधी. आता मूळ मुद्द्यावर येऊ द्या.

वाळूजकर, तुम्ही शुद्धतेचं बोललात. आपल्याकडच्या कितीतरी लागर आणि स्ट्राँग बिअरमध्ये तांदूळ, मका, साखर जाते. तुमच्या 1516 च्या कायद्यात यातलं काही बसतं का? तांदूळ चालतो आणि धना चालत नाही, याचं उत्तर द्या.

वाळूजकर:
तांदूळ अंग हलकं करायला घालतात, चव झाकायला नाही. फरक आहे.

नांदेडची सुगरण:
धना पण झाकायला घालत नाहीत, दादा. चव द्यायला घालतात.

वाळूजकर:
बरं. 1516 चा मुद्दा सोडला, तो माझा कायदा नाही. साल आणि धने नीट घातले असतील तर ती एल बिअर आहे, इतकं मानतो. आवडायलाच पाहिजे असं नाही. मधाचं मात्र मानत नाही. साखर सगळी यीस्ट खातं असं तुम्हीच लिहिलंत. मग पाक घातला काय आणि मध घातला काय, पिणाऱ्याला कळणार कसं?

मृगबहार:
वासावरून कळतं. मध उकळत्या वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या गोड बार्लीच्या पाण्यात) ओतला तर त्याचा वास वाफेबरोबर जातो, मग पाक आणि मध एकच. आच बंद करून वॉर्ट निवत आल्यावर किंवा फर्मेंटेशन ओसरत आल्यावर घातला तर फुलाचा वास टिकतो. पाकाला असा वासच नसतो. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग हुंगा. काहीच आलं नाही, तर बनवणाऱ्याला तोंडावर विचारा, मध कुठला आणि कधी घातला. मी विचारलं होतं. त्यानं डबा आणून दाखवला.

वाळूजकर:
ते ठिकाण कुठलं ते मेसेजमध्ये कळवा. पुढच्या महिन्यात पुण्याला जाणं आहे. गोठवलेला मग घेणार नाही.

बदनापूरचा:
साल आमच्याकडून न्या म्हणावं त्यांना. आंबे बहाराची.

मांजराकाठ:
प्या. पण पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागले की वाळूजच्या कपातीवर मी इथंच लिहिणार. तेव्हा हा हिशोब परत मांडायला या, उसासकट.