मदत हवी आहे: मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्सरेची) तारीख जवळ आली की झोप उडते. रिपोर्ट तुम्ही स्वतः उघडता का?

नमस्कार मंडळी,
इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४८, राहणार सातारा. ऑगस्ट २०२२ मध्ये डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ सापडली. पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ आणि काखेतले काही नोड्स (लसिकाग्रंथी) काढले, स्तन ठेवला. मग केमोचे ८ डोस, मग रेडिएशन. एप्रिल २०२३ ला उपचार संपले. तेव्हापासून रोज रात्री टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, सोबत सोनोग्राफी. यंदाची ३ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी झाली की लगेच.

एरवी मी बरी असते. नोकरी करते, सकाळी चालायला जाते. पण तारीख महिन्यावर आली की मी माझी राहत नाही. परवा चकल्या पाडत होते. सोऱ्या फिरवताना डाव्या काखेखाली, अगदी व्रणाला लागून, चमक आली. चार चकल्या तेलात होत्या. तशीच गॅस बंद करून बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि अर्धा तास चाचपत उभी राहिले. बाहेरून सासूबाई विचारताहेत, "अगं, तेल गार झालं, काय होतंय तुला?" पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चमक गेली. हाताला ताण पडला होता, एवढंच. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने एकदम जास्त जोर लावू नये हेही मला माहीत आहे. पण त्या अर्ध्या तासात यातलं काही आठवत नाही.

गेल्या वर्षीचा प्रसंग डोक्यातून जात नाही. चारही फोटो झाले. टेक्निशियनबाई म्हणाल्या, "जरा थांबा, डाव्या बाजूचा अजून एक घ्यायचाय," आणि आत गेल्या. मी गाऊन धरून त्या गार खोलीत उभी. वीस मिनिटांनी आल्या, फोटो घेतला, एक शब्द बोलल्या नाहीत. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी सातला मोबाइलवर आला, डॉक्टरांची वेळ मंगळवारची. मी उघडला. पहिल्याच परिच्छेदात 'आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन' दिसलं आणि मी नेटवर शोधत बसले. खाली शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स २' लिहिलं होतं, म्हणजे धोक्याचं काही नाही. पण तिथवर माझे डोळे पोचलेच नाहीत. तीन रात्री जागून काढल्या. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "अहो, हा ऑपरेशनचाच व्रण आहे. तिथली रचना बदललेली दिसणारच."

यजमानांना वाटतं, एकदा सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे मन शांत होईल. डॉक्टर म्हणतात, तक्रार नसेल तर नको. त्यांनी समजावून सांगितलं की १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या दोन अभ्यासांत, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या काही बायकांचे ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्सरे काढत राहिले, बाकीच्यांची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी केली. बायका वाचण्यात काही फरक पडला नाही. मला हे पटलंय. यजमानांना अजून नाही, आणि तेही घाबरलेत म्हणूनच म्हणताहेत हे मला दिसतं.

तर ज्यांनी हे सोसलंय त्यांना विचारायचं आहे. रिपोर्ट आला की तुम्ही उघडता, की डॉक्टरांकडेच बघता? मधले दिवस कसे काढता? आणि घरच्यांना तारीख आधी सांगता का? माझी आई ७४ वर्षांची आहे, मी तिला दर वेळी सगळं झाल्यावर सांगते, आणि लपवल्याचा त्रास वेगळाच होतो.

प्रतिसाद १
ताई, माझं हे आठवं वर्ष. धडधड अजून होते, पण पूर्वी महिनाभर व्हायची ती आता चार-पाच दिवसांवर आली आहे. मी दोन गोष्टी बदलल्या. मॅमोग्राफीची तारीख घेतानाच डॉक्टरांची वेळ घेते, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. आणि शुक्रवार-शनिवारी तपासणी करतच नाही, मध्ये रविवार आला की जीव जातो. रिपोर्ट मी उघडत नाही.
आईला सांगा हो. तिला तुमच्या आवाजावरून कळत असणार.
रात्री फारच घाबरं झालं तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी दोनदा केलाय.

प्रतिसाद २
मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. ऑपरेशन झालेल्या बाजूला जास्तीचा फोटो घेणं आमच्याकडे रोजचं आहे. व्रणामुळे स्तन नीट दाबला जात नाही, किंवा कॅल्शियमचे कण मोठे करून बघायचे असतात. आम्ही गप्प राहतो कारण रिपोर्ट सांगायचा अधिकार आम्हाला नाही. पण "घाबरू नका, हे नेहमीचं आहे" एवढं तरी त्यांनी म्हणायला हवं होतं. तुम्हीच आधी सांगून ठेवा की मला फार भीती वाटते.
आणि मागच्या दोन्ही वर्षांच्या फिल्म किंवा सीडी न विसरता न्या. जुन्याशी ताडून पाहिलं की व्रण तसाच आहे हे लगेच कळतं, निष्कारण पुन्हा बोलवावं लागत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सीडीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता कपाट उपसलं, २०२३ ची सापडली, गेल्या वर्षीची सेंटरवरून उद्या मागवते. सोमवारी सकाळचा पहिला नंबर मिळालाय, डॉक्टरांची वेळ मंगळवारी दुपारी. रिपोर्ट पाठवायला बहिणीचा नंबर देणार आहे.
आईला आज फोन केला. ती म्हणाली, "मला दरवर्षी माहीत असतं गं. तू दिवाळीत फार कामं काढतेस."